मुसीचा पूर आणि आपण सांगतो त्या तीन गोष्टी

सप्टेंबर उजाडला की हैदराबादेत १९०८ च्या पुरावर लेख येऊ लागतात. इंग्रजीत येतात, उर्दूत येतात, तेलुगूत येतात आणि आपल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकांत, स्मरणिकांतही येतात. गेल्या काही वर्षांत असे हाताला लागले तेवढे सगळे मी वाचत आलो. वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. लेख कुणाचाही असो, त्यात तीनच गोष्टी असतात. एक चिंचेच्या झाडाची, एक निजामाची आणि एक विश्वेश्वरय्यांची. झाडाने माणसे वाचवली, राजाने अन्न दिले, इंजिनियरने धरण बांधले. संपला पूर.

या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एखादे गाव किंवा मोहल्ला संकटात कसा टिकतो आणि नंतर कसा उभा राहतो, हे आपल्याला समजून घ्यायचे असेल, तर या तीन गोष्टी त्या प्रश्नाच्या आजूबाजूने फिरतात आणि आत कधी शिरत नाहीत. इतिहासप्रेमी म्हणून आपण हे तपासायला हवे. त्यासाठीच हे टिपण.

आधी घडले काय, ते थोडक्यात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. उर्दूत ‘तुग़यानी’ म्हणजे पूर. जुन्या हैदराबादेत हा पूर ‘तुग़यानी सितंबर’ म्हणूनच ओळखला जातो. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल, तिन्ही गेले. १५७८ चा पुराना पूल तेवढा वाहून गेला नाही. अफजलगंजचा दवाखाना उद्ध्वस्त झाला. कोलसावाडीत पाणी शिरले आणि तिथे फार मोठी हानी झाली. मृतांचा आकडा सहसा सुमारे १५,००० दिला जातो, पडलेल्या घरांचा १९,००० आणि बेघरांचा ८०,०००. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेचार लाखांच्या आसपास होती. म्हणजे हिशेब केला तर दर तीस माणसांमागे एक गेला आणि दर सहा माणसांमागे साधारण एक बेघर झाला. एवढ्या शहरात असे एकही घर नसेल ज्याचे कुणी ना कुणी या हिशेबात नव्हते.

आता पहिली गोष्ट, चिंचेची. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातले हे झाड आजही उभे आहे. त्यावर चढून सुमारे १५० माणसे वाचली असे सांगतात. दरवर्षी २८ सप्टेंबरला तिथे लोक जमतात, आठवण काढतात. चांगलेच आहे. शहराने एका झाडाचे उपकार मानावेत यात वावगे काही नाही. पण लेख लिहिताना या गोष्टीचे काय होते बघा. १५० वाचले हे सांगण्यात सगळा जोर जातो. १५,००० का वाचले नाहीत, हा प्रश्न मागे पडतो. झाडापर्यंत कोण पोहोचू शकले? ज्याला चढता येत होते तो. दवाखान्यात खाटेवर पडलेला रुग्ण, बाळंतीण, म्हातारी आजी, यांना झाड कितीही जवळ असले तरी दूरच. पुरातून कोण वाचतो हे नशिबावर ठरते, असे या गोष्टीतून नकळत सांगितले जाते. नशिबाचा वाटा असतोच. पण कुणाचे घर कच्च्या मातीचे होते, कुणाचे दगडी दोन मजली होते, कुणाची वस्ती पात्राला लागून होती, हे काही नशीब नव्हे.

दुसरी गोष्ट सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची. ज्योतिषाच्या सांगण्यावरून त्यांनी नदीला साडी, मोती, नारळ वाहिला आणि मग पाणी ओसरले, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लोकांनी ती सव्वाशे वर्षांच्या घरात जपली आहे, यातच तिचे मोल आहे. मुसलमान राजा हिंदू रीतीने नदीची ओटी भरतो, हे शहराला स्वतःविषयी सांगावेसे वाटते. ते आजच्या दिवसांत तर आणखीच सांगावेसे वाटते. वाड्यांची दारे उघडली गेली, अन्नछत्रे चालली, हेही ठाऊक आहे. पण मदतीचे वर्णन जिथे संपते तिथून पुढे खरा अभ्यास सुरू होतो. अन्नछत्र किती दिवस चालते? आठवडे, फार तर महिने. घर उभे राहायला वर्षे लागतात. मधल्या काळात माणूस राहिला कुठे? कर्ज कुणाकडून काढले? व्याज किती? भाडेकरूचे घर पडले तर नव्या घराचे लाकूड-चुना मालकाने आणला की त्याने? हातमाग, शिलाईचे यंत्र, सोनाराची भट्टी, टांग्याचा घोडा, ही कमाईची साधने गेली त्यांनी धंदा पुन्हा कसा मांडला? एकाही स्मरणलेखात मला यावर दोन ओळींपेक्षा जास्त सापडले नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून तिच्याशी मी जरा जास्त कडक वागणार आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे आपल्याला परके नाहीत. पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली बसले. १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले आणि त्याच वर्षी अहवाल देऊन म्हैसूरला गेले. त्यांच्या १९५१ च्या इंग्रजी आत्मचरित्रात हैदराबादवर प्रकरण आहे. इतिहासप्रेमी मंडळी त्याचा हवाला देतात, पण माझा अंदाज आहे की फार थोड्यांनी ते नीट वाचले आहे. कारण त्यातली सगळ्यात मोलाची माहिती धरणाची नाही, तलावांची आहे.

ते सांगतात की शहराच्या वरच्या ८६२ चौरस मैलांच्या पाणलोटात ७८८ तलाव होते. जवळजवळ दर मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले. पुराचा कमाल वेग त्यांनी ४,२५,००० क्युसेक धरला. हे आकडे शांतपणे वाचा. पाऊस तर भयंकर होताच. पण हैदराबादवर आला तो नुसता पाऊस नव्हता. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्याच्या भरावावर जाते. खालच्याचा सांडवा त्या पाण्यासाठी बांधलेलाच नसतो. तो फुटतो, मग त्याखालचा. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे. तलावांची ही माळ पिढ्यान्‌पिढ्या शेतीला पाणी देत आली होती. तिची डागडुजी, गाळ काढणे, सांडव्याची दगडी फरसबंदी सांभाळणे हे गावांचे काम होते. म्हणजे १९०८ च्या पुराची अर्धी कथा शहरात नाहीच. ती शमशाबादच्या आणि त्याच्या वरच्या खेड्यांत आहे. ज्या २२१ गावतलावांचे भराव गेले, त्यांच्याखालच्या भातशेतीचे पुढच्या वर्षी काय झाले? हा प्रश्न विश्वेश्वरय्यांनी आपल्या प्रकरणात विचारला नाही. त्यांना शहर वाचवायचे होते. आपल्याला तो विचारायला कुणाची मनाई नाही, तरी आपणही विचारत नाही.

विश्वेश्वरय्यांचा इलाज तर्काला धरून होता. शहराला तटबंदी घालत बसण्यापेक्षा वरच्या बाजूला मोठे जलाशय करून पूर तिथेच अडवावा. मुसीवर उस्मान सागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायत सागर १९२७ मध्ये पुरा झाला. बांधणीच्या या काळात नवाब अली नवाज जंग यांच्यासारख्या हैदराबादच्या आपल्या इंजिनियरांचा वाटा मोठा आहे. आपल्या लेखांत त्यांचे नाव जेमतेम येते, हीही एक तक्रार नोंदवून ठेवतो.

पण ‘धरण झाले, पुराचा प्रश्न सुटला’ या वाक्यावर माझा खरा आक्षेप आहे. साधा हिशेब करू. ८६२ चौरस मैलांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास २ टीएमसी. दोन्ही जलाशयांची आजची पूर्ण साठवण ३.९ आणि २.९७, मिळून ६.८७ टीएमसी. म्हणजे दोन्ही तळी अगदी कोरडी असली तरी पाणलोटावरून वाहून आलेले साधारण साडेतीन इंच पाणी त्यांत मावेल. दुसऱ्या बाजूने बघा. ४,२५,००० क्युसेकच्या वेगाने पाणी आले तर ६.८७ टीएमसी भरायला साडेचार तास. पातळी वाढताना मिळणारी जादा जागा, दरवाजे आधी उघडून केलेले नियोजन, हे सगळे धरले तर चित्र याहून बरे दिसते, हे मान्य. पण मूळ अडचण राहतेच. हीच तळी शहराला पिण्याचे पाणी देतात. पुरासाठी तळे रिकामे हवे, नळासाठी भरलेले हवे. सप्टेंबरअखेर, जेव्हा १९०८ चा पूर आला, तेव्हा चांगल्या पावसाच्या वर्षी ती भरलेलीच असणार. धरणाने जोखीम कमी केली. संपवली नाही. आणि संपली असे वाटल्यामुळे आपण पात्रात उतरलो.

हा दुसरा मुद्दा माझा नाही. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ च्या आपल्या प्रबंधात पुराकडे बघायची दिशाच बदलली. त्यांचे म्हणणे सोप्या मराठीत असे : पाणी येणे निसर्गाच्या हातात, पण नुकसान किती व्हायचे हे बरेचसे माणूस ठरवतो. बांध घातला की लोकांना धीर येतो, बांधाआड वस्ती वाढते, आणि एक दिवस बांधाच्या ताकदीपलीकडचा पूर आला की आधीपेक्षा जास्त नुकसान होते. मुसीला हे शब्दशः लागू आहे. आपले एमजीबीएस बसस्थानक नदीच्या बेटावर उभे आहे, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला?

अलीकडचे अभ्यासकही पाहू. बेंजामिन कोहेन यांचा २०११ चा या पुरावरचा इंग्रजी लेख चांगला आहे. पुराने शहराच्या आधुनिकीकरणाला वाट करून दिली, असा त्याचा रोख आहे. १९१२ चे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड, रुंद रस्ते, नदीकाठचे बगीचे, नवी घरे, ही साखळी खरीच आहे. एरिक बेव्हर्ली यांच्या २०१५ च्या पुस्तकातही या शहरसुधारणेचा विचार आहे. दोघेही कागदपत्रांना धरून लिहितात, म्हणून वाचायलाच हवेत. पण कागद सरकारचे, त्यामुळे दिसते तेही सरकारच्या खिडकीतून. पुनर्बांधणी म्हणजे बोर्डाने केलेले काम, असे आपोआप होऊन बसते. हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना, सिटी कॉलेज, असफिया ग्रंथालय, या मुसीकाठच्या देखण्या इमारतींचे फोटो आपण हौसेने टाकतो. त्या पट्ट्यात पुराआधी कोण राहत होते आणि नंतर ते कुठे गेले, हे फोटोखाली कधी येत नाही. शहर उभे राहिले, हे खरे. तेच लोक त्याच जागी उभे राहिले का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

मग लोक उभे राहतात कशाच्या जोरावर? डॅनियल ऑल्ड्रिच यांचे २०१२ चे पुस्तक या प्रश्नावर आहे. १९२३ चे टोकियो, १९९५ चे कोबे, २००४ च्या त्सुनामीनंतरचा तमिळनाडू आणि २००५ चे न्यू ऑर्लिन्स, अशी चार उदाहरणे घेऊन ते सांगतात की पैसा आणि नुकसानाचे प्रमाण यांच्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, माणसांची एकमेकांशी असलेली नाती महत्त्वाची ठरतात. शेजार, मंडळ, पंचायत, देऊळ, ही ताकद. हे वाचून आपल्या मराठी मंडळींना बरे वाटेल. आपण म्हणू, बघा, आमचे तेच तर होते! विवेकवर्धिनी १९०७ साली निघाली, पूर आला तेव्हा ती जेमतेम वर्षाची. केशवराव कोरटकरांसारखी माणसे होती. गौलीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा इथला आपला समाज एकजुटीचा होता.

इथे सावकाश. ऑल्ड्रिच यांच्याच पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आपण वाचत नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या पंचायती भक्कम होत्या, म्हणून मदत त्यांच्यापर्यंत लवकर आली. पण त्याच पंचायतींच्या यादीत दलित, मुसलमान आणि एकट्या बायका यांची नावे मागे राहिली. एकजूट आतल्याला धरते आणि बाहेरच्याला बाहेर ठेवते. ‘समाजाने मदत केली’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : कोणत्या समाजाने, आणि कुणाला? आपल्या स्मरणिकांत ‘मराठी समाज पुराच्या वेळी धावून गेला’ असे वाक्य पुराव्याशिवाय येते. धावून गेला असेलही. पण कुणाच्या दारी गेला हे सांगितल्याशिवाय तो इतिहास होत नाही, ती पाठ थोपटणे होते. नदीकाठच्या धोबी, चांभार, मजूर वस्त्यांपर्यंत कोण पोहोचले, हे विचारण्याची हिंमत असेल तरच ‘आपली एकजूट’ हा शब्द वापरावा.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो तो एका कवीचा. उर्दूतले मोठे रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. ते एकटे वाचले. ‘कयामत-ए-सुग़रा’, म्हणजे छोटा प्रलय, ही त्यांची कविता त्यातूनच आली. इतिहासाच्या लेखांत ती शेवटी चटका लावायला ठेवतात. मी म्हणतो तिला पुरावा म्हणून पुढे आणा. अहवालात माणूस आकड्यात असतो, कवितेत एका घरातली तीन माणसे एकेका नात्याने असतात. आणि अमजद पुढे पन्नासहून जास्त वर्षे जगले, १९६१ मध्ये वारले. घरात कुणी उरलेले नसताना एक माणूस पुढची पन्नास वर्षे कशी जगतो, हा ‘सावरणे’ या शब्दाचा खरा अर्थ आहे. बोर्डाच्या फाइलीत तो मिळणार नाही.

नुसती टीका करून थांबणे मला आवडत नाही, तेव्हा करता येण्यासारखे काही सांगतो. पंचांग मांडून पाहिले तर २८ सप्टेंबर १९०८ हा आश्विनातला दिवस येतो. नवरात्र नुकतेच बसले होते. रमजानही नुकताच लागला होता. याचा उपयोग आहे. इंग्रजी तारीख घराघरांत राहत नाही, तिथी राहते. आपल्या जुन्या घरांत आश्विन शुद्ध तृतीयेच्या आसपासची, एकाच दिवशी दोन-तीन माणसांची श्राद्धतिथी आढळली तर ती नोंदवून ठेवावी. घट बसलेले असताना देवघर सोडून पळावे लागले, अशी आठवण कुणाच्या आजीकडून आलेली असेल तर ती कुठल्या पुराची, हे ओळखायला हाच धागा.

दुसरे, कागद. १९०९ ते १९२० च्या दरम्यानची गहाणखते, भाडेपट्टे, खरेदीखते घरातल्या पेटीत असतील तर त्यांतली जागेची चतुःसीमा, रक्कम आणि व्याज तेवढे उतरवून घ्यावे. पूर कुणाला किती महाग पडला हे त्यातूनच कळेल. तिसरे, सुलतान बाजारचा शोध. हा भाग तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता, निजामाच्या नव्हे तर रेसिडेंटच्या ताब्यात. १९३३ मध्ये तो परत मिळाला. त्यामुळे तिथल्या मराठी घरांची कागदपत्रे फक्त तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शोधून भागणार नाही. रेसिडेन्सीची दप्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघावी लागतील. एकाच नदीच्या पुरात दोन सरकारांची मदत वेगवेगळी चालली असणार. ती तुलना आपल्याशिवाय कोण करणार? कारण दोन्हींकडे आपले लोक होते.

आणि चौथे, फुटलेले तलाव. ७८८ पैकी आज किती जागेवर आहेत, किती नकाशात राहिले आहेत आणि किती फक्त वस्तीच्या नावात उरले आहेत, याची यादी करणे शनिवार-रविवारी फिरणाऱ्या पाच-सात जणांच्या आवाक्यातले काम आहे.

हे आजच का करायचे? ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेटला एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. ऑक्टोबर २०२० मध्ये गुर्रम चेरुवु आणि पल्ले चेरुवु फुटले आणि जुन्या शहराच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरले. पुन्हा तलावच. दोन्ही जलाशयांच्या पाणलोटात बांधकामावर मर्यादा घालणारा १९९६ चा १११ क्रमांकाचा आदेश २०२२ मध्ये उठवण्यात आला. २०२४ मध्ये मुसीच्या पात्रातल्या घरांवर लाल अक्षरांत खुणा केल्या गेल्या आणि त्या घरांतल्या लोकांना हलवायला सुरुवात झाली. नदी मोकळी व्हावी हे मी इंजिनियर म्हणून मानतो. पण हलवलेली माणसे पाच वर्षांनी कुठे असतील, त्यांचा धंदा, मुलांची शाळा, उधारी देणारा दुकानदार यांचे काय होईल, हा प्रश्न आपण १९०८ च्या बाबतीत विचारला असता तर आज विचारायची सवय असती. ती सवय नाही, कारण आपल्याला झाड, राजा आणि इंजिनियर एवढेच सांगायला आवडते.

या तिघांना काढून टाका असे मी म्हणत नाही. झाड राहू द्या, ओटी राहू द्या, धरण तर राहायलाच हवे. फक्त पुढच्या सप्टेंबरात लेख लिहायला बसाल तेव्हा चौथी गोष्ट शोधा : पडलेल्या १९,००० घरांपैकी एका घराची. त्याचा मालक कोण, भाडेकरू कोण, ते पुन्हा बांधले का, कुणाच्या पैशाने, आणि नंतर त्यात कोण राहिले. असे एक घर पुराव्यानिशी सापडले, तर आजवरच्या सगळ्या स्मरणलेखांपेक्षा त्या पुराविषयी आपल्याला जास्त कळेल.